ओटीशेजारची खोली

शिरेत सुई पहिल्याच वेळी नीट बसली नाही, तर आमच्या मॅडम ते रक्त पीआरपीसाठी घेत नसत. शिकाऊ डॉक्टर सुई मागे-पुढे करत शीर शोधू लागला, की त्या शांतपणे म्हणायच्या, "काढा ती. दुसरा हात घ्या." रक्त तर येतंय, मग अडतंय कुठे, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटायचा. सुई मांसातून फिरली की तिथला रक्त गोठवणारा घटक तिच्याबरोबर सिरिंजमध्ये येतो आणि प्लेटलेट तिथेच कामाला लागतात. जखमेवर जाऊन जे करायचं, ते सिरिंजमध्येच करून बसतात. नंतर कितीही महागड्या सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा, हाती येतात त्या दमलेल्या प्लेटलेट.

मी रक्तपेढीतली तंत्रज्ञ. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयात, ओटीला, म्हणजे शस्त्रक्रियागृहाला, लागून असलेल्या लहानशा खोलीत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. जखम भरली की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, आणि ते योग्यच आहे. पण जखमेवर लावलेलं ते पिवळसर जेल कसं बनतं आणि कुठे कुठे बिघडू शकतं, हे आमच्या खोलीबाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं. कधी कधी ओटीतल्या डॉक्टरांनाही नसतं. म्हणून हे किस्से.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. रुग्णाचंच रक्त घ्यायचं, फिरवून लाल पेशी बाजूला करायच्या आणि प्लेटलेट थोडक्या प्लाझ्मात गोळा करायच्या. प्लेटलेट ही दोन-तीन मायक्रॉनची, केंद्रक नसलेली, आठवडा-दहा दिवस जगणारी पेशी. रक्तस्राव थांबवणं हे तिचं नावाजलेलं काम. पण तिच्या आत अल्फा कणिका असतात आणि त्यांत पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ अशी वाढीची द्रव्यं साठवलेली असतात. जखमेत नवं मांस धरायला, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागणारे निरोप हीच द्रव्यं देतात.

हे उमगलं तेही प्रयोगशाळेतल्या एका साध्या तुलनेतून. १९७४ साली सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी वाढवत होते. गोठलेल्या रक्तातून निघालेलं सीरम घातलं की पेशी भराभर वाढायच्या. प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्मापासून केलेलं सीरम घातलं की ढिम्म. त्याच सीरममध्ये प्लेटलेटमधला ऐवज परत मिसळला की पुन्हा वाढ सुरू. मला या प्रयोगाबद्दल फार आदर आहे. एक वस्तू काढून बघायची, मग परत घालून बघायची. रक्तपेढीत आम्ही ज्या शिस्तीने काम करतो तीच ही शिस्त.

पुढे १९८६ साली मिनेसोटात डेव्हिड नाइटन यांनी वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमांच्या ४९ रुग्णांवर, त्यांच्याच प्लेटलेटमधून बाहेर काढलेला अर्क वापरला. त्या रुग्णांवर त्याआधी सरासरी १९८ आठवडे उपचार झाले होते. अर्क सुरू केल्यावर जखमा पूर्ण भरायला सरासरी १०.६ आठवडे लागले. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यांवर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. १९९८ मध्ये मायामीत रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाचं रोपण करताना ८८ रुग्णांपैकी काहींच्या रोपणात पीआरपी मिसळलं आणि तिथलं हाड लवकर पक्व होताना दाखवलं. त्यानंतर हे तंत्र दातांच्या दवाखान्यांपासून हाडांच्या ओटीपर्यंत सगळीकडे पोचलं. मार्क्स यांच्या पद्धतीत यंत्र रुग्णाचं ४०० ते ४५० मिली रक्त घेई. आमच्याकडे येतं ते ३० मिली, दोन-तीन सिरिंजमध्ये. काम मात्र तेच करून हवं असतं.

आता ट्यूबचा किस्सा. वॉर्डातले मामा एकदा जांभळ्या टोपीच्या ट्यूब घेऊन दारात उभे. एका आजींच्या पाठीवरच्या जखमेसाठी पीआरपी हवं होतं. मी ट्यूब परत केल्या तर मामा कळवळून म्हणाले, "ताई, रक्त ते रक्तच की. म्हातारीच्या हाताला आता जागा न्हाई टोचायला." त्यांची कणव खरी होती. पण जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. पेशी मोजण्यासाठी ते उत्तम, मात्र त्यात प्लेटलेट आपला चपटा आकार सोडून फुगतात आणि नंतर हव्या तशा काम करत नाहीत. आम्ही वापरतो ते एसीडी-ए: त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही आणि डेक्स्ट्रोज पेशींना खायला मिळतं. साडेआठ मिली रक्ताला दीड मिली. त्या दिवशी मॅडम स्वतः वॉर्डात गेल्या, आजींच्या उशाशी बसल्या, हात शेकला, कोपराजवळची एक शीर शोधली आणि जाड सुईने, दट्ट्या अगदी सावकाश ओढत रक्त घेतलं. बारीक सुईतून जोराने ओढलं की लाल पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी येतो. गुलाबी प्लाझ्मा आमच्याकडे टाकून दिला जातो, त्यात कुणाची भीड नाही.

दुसरा किस्सा फ्रीजचा. ओटीत आधीची केस लांबली होती आणि एका नव्या सिस्टरनी आमच्या रक्ताच्या ट्यूब काळजीने फ्रीजमध्ये ठेवल्या. रक्ताच्या पिशव्या २ ते ६ अंशांत ठेवतात हे त्या शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने त्यांनी योग्य तेच केलं. पण प्लेटलेटला थंडी सोसत नाही. एके काळी जगभरच्या रक्तपेढ्या प्लेटलेटही थंडच ठेवत. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं, की थंड ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाला दिल्यावर शरीरातून झटपट नाहीशा होतात, आणि २२ अंशांच्या आसपास ठेवलेल्या टिकतात. तेव्हापासून आमच्या रक्तपेढीसारख्या ठिकाणी त्या २० ते २४ अंशांत, सतत हलत्या फळीवर ठेवल्या जातात. सिस्टरना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी फ्रीजच्या दारावर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: "प्लेटलेट, पीआरपी आत ठेवू नये." तो कागद पिवळा पडेपर्यंत तिथेच होता. आपल्याकडे खरी अडचण मात्र उलट बाजूची. मे महिन्यात वीज गेली आणि एसी बंद पडला की खोली तापते. म्हणून भिंतीवरचं तापमान बघून वहीत लिहिल्याशिवाय पहिली ट्यूब यंत्रात जात नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ज्याने घातला तो आकडा म्हणजे आरपीएम, मिनिटाला किती फेरे ते. दुसऱ्या गावातल्या संस्थेतून आमच्याकडे आलेले एक तरुण सर्जन येताना तिथली पद्धत चिठ्ठीवर लिहून घेऊन आले होते. "पहिला स्पिन १५०० वर १० मिनिटं." मी तसं केलं तर प्लाझ्मा वरून सुरेख, काचेसारखा नितळ आला. सर खूश झाले. मी त्यातला थेंब पेशी मोजणाऱ्या काउंटरवर लावला. प्लेटलेट जवळजवळ नव्हत्याच. त्या लाल पेशींबरोबर तळाशी जाऊन बसल्या होत्या. नितळ दिसणारा तो प्लाझ्मा जखमेवर लावला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि जखम भरली नाही तर पीआरपीचा उपयोग नाही असं सरांचं मत झालं असतं.

झालं काय होतं? त्यांच्या जुन्या ठिकाणचं सेंट्रीफ्यूज टेबलावरचं, छोटं. आमचं जमिनीवरचं, मोठ्या पंख्याचं. गोफणीची दोरी लांब असली की मिनिटाला तेवढेच फेरे घेणारा दगड जास्त जोर धरतो, इथेही तेच. ट्यूबचा तळ मधल्या दांड्यापासून किती सेंटीमीटरवर आहे यावर पेशींना बसणारा जोर ठरतो; तो जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात. हिशेब सोपा आहे: आरपीएमचा वर्ग, गुणिले त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले ०.००००१११८. आठ सेंटीमीटर त्रिज्येला १५०० आरपीएम म्हणजे साधारण २०० जी. सतरा सेंटीमीटरला तेच १५०० म्हणजे ४२७ जी. दुपटीहून जास्त. चिठ्ठीवरचा आकडा बरोबर होता, पण तो त्या यंत्राचा होता. मी सरांना फूटपट्टी दिली. त्यांनी स्वतः यंत्राचं झाकण उघडून माप घेतलं, कागदावर गुणाकार केला आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही पेपरात वाचतो ते आरपीएम..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्या दिवसापासून ते आमच्याशी जी मध्येच बोलतात.

ब्रेकचंही तसंच. घाईत असलेला माणूस यंत्र लवकर थांबावं म्हणून ब्रेक लावतो आणि कष्टाने वेगळे झालेले थर हेलकाव्याने पुन्हा मिसळतात. आमच्याकडे पीआरपीच्या वेळी ब्रेक शून्यावर. पंखा आपला आपण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. ओटीतून तेवढ्यात फोन हमखास येतो: "झालं का?" मॅडमचं उत्तर ठरलेलं: "फिरतंय, सर."

थांबल्यावर ट्यूबमध्ये तीन थर दिसतात. तळाला लाल, वर पिवळा आणि मध्ये पांढुरकी, कागदाइतकी पातळ रेघ, तिला आम्ही बफी कोट म्हणतो. पिवळा भाग उचलून दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्यायचा आणि पुन्हा, या वेळी जास्त जोराने फिरवायचा. आता प्लेटलेट तळाशी बसतात. वरचा दोनतृतीयांश पातळ प्लाझ्मा काढून टाकायचा आणि उरलेल्यात तळाचा थर हळुवार मिसळायचा. हलवून, आपटून चालत नाही. थोडा वेळ तसाच ठेवला आणि ट्यूब हातात नुसती झुलवली की तो सुटतो. रेघेपाशी पायपेट किती जवळ न्यायची, हा खरा कौशल्याचा भाग. अगदी जवळ नेली तर पांढऱ्या पेशी आणि थोड्या लाल येतात. लांब ठेवली तर चांगल्या प्लेटलेट मागे राहतात. प्लास्टिक सर्जरीच्या एका सरांना पांढऱ्या पेशी हव्याच असतात, कारण जंतूंशी लढायला त्या लागतात. दुसऱ्या सरांच्या मते त्यांनी सूज वाढते, त्यांना नितळ पिवळं लागतं. २००९ साली डोहान एहरेनफेस्ट आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशी आहेत की नाहीत आणि रक्त गोठताना धरणारं फायब्रिनचं जाळं किती दाट आहे यावरून या सगळ्या प्रकारांची चार गटांत विभागणी केली, तेव्हा निदान हे स्पष्ट झालं, की जग एकाच नावाने निरनिराळ्या वस्तू वापरत होतं. आम्ही दोघा सरांसाठी दोन वेगळ्या रंगांची लेबलं ठेवली.

मग येतो मिलीचा प्रश्न. एकदा मांडीवर मोठी जखम असलेल्या रुग्णासाठी ओटीतून निरोप आला, "१० मिली पाठवा." आमच्याकडे ३ मिली झालं होतं. निवासी डॉक्टर धावत आले: "ताई, तो काढलेला प्लाझ्मा आहे ना बाजूला, तो घाला की परत. सगळं त्याच पेशंटचं तर आहे." मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाटीवर हिशेब मांडला. रक्त ३० मिली, प्लेटलेट मायक्रोलिटरला अडीच लाख, म्हणजे एकूण ७५० कोटी. त्यातल्या साठ टक्के हाती लागल्या तर ४५० कोटी. त्या ३ मिलीत ठेवल्या तर मायक्रोलिटरला १५ लाख. १० मिलीत पसरल्या तर साडेचार लाख, म्हणजे रुग्णाच्या शिरेत आधीच आहेत त्याच्या दुपटीलाही कमी. मार्क्स यांनी उपयोगी पीआरपीची खूण म्हणून १० लाखांचा आकडा सांगितला होता. त्या आकड्यावरही मतभेद आहेत, पण साडेचार लाखाला पीआरपी म्हणायला माझा हात धजत नाही. डॉक्टर पाटीकडे बघून म्हणाले, "मग सरांना काय सांगू?" मी म्हटलं, "हे ३ मिली जिथे हाड उघडं दिसतंय तिथे लावा, बाकीला नेहमीचं ड्रेसिंग." सरांनी तसंच केलं. त्यानंतर मोठी जखम असली की रक्त किती घ्यायचं हे आदल्या दिवशी ठरू लागलं.

जेल करण्याची वेळ हीही एक परीक्षा. सायट्रेटने बांधून ठेवलेलं कॅल्शियम परत दिलं की गोठणं सुरू होतं, प्लेटलेट आपला ऐवज सोडू लागतात आणि त्यातला बराचसा पहिल्या दहा मिनिटांत बाहेर पडतो. त्यामुळे कॅल्शियम घालायचं ते जखम तयार झाल्यावरच. भूल उतरायला लागली, टाके बाकी आहेत, रक्तस्राव थांबत नाही, अशा वेळी आधीच घातलेलं जेल सिरिंजमध्येच घट्ट होतं; दट्ट्या दाबला तर पुढे सरकत नाही. जुन्या पद्धतीत कॅल्शियमबरोबर गाईच्या रक्तापासून काढलेलं थ्रॉम्बिन वापरत. त्यातल्या काही रुग्णांच्या शरीरात स्वतःच्याच पाचव्या गोठण-घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आणि नंतर धोकादायक रक्तस्राव झाले. आम्ही ते कधी ठेवलं नाही. नुसत्या कॅल्शियमने जरा उशीर लागतो, तो सोसायचा.

यावर फ्रान्समधल्या नीस शहरातल्या जोसेफ शुक्रून नावाच्या भूलतज्ज्ञांनी २००१ साली वेगळाच रस्ता काढला: गोठू न देणारं काहीच घालायचं नाही. रक्त घ्यायचं आणि लगेच एकदाच फिरवायचं. मधोमध फायब्रिनची जाड, लवचीक जाळी तयार होते, दाबून पडद्यासारखी पसरता येते. याला पीआरएफ म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण रक्त गोठण्याच्या आत ट्यूब यंत्रात पोचायला हवी, म्हणजे मोजून दोन मिनिटं. पीआरएफ असलं की आम्ही यंत्राचं झाकण उघडं ठेवतो, तोल राखायला समोरच्या बाजूची पाण्याची ट्यूब वजन करून आधीच लावून ठेवतो आणि रक्त ओटीच्या दारातच घेतो. काचेच्या साध्या ट्यूब त्यासाठी लागतात. साध्या प्लास्टिकमध्ये ती जाळी तशी धरत नाही. रुग्णालयाने काच बंद करून सगळीकडे प्लास्टिक आणलं तेव्हा मॅडमनी भांडारात तीन अर्ज दिले आणि काचेच्या ट्यूबचा एक खोका मिळवलाच.

एका गोष्टीत आमच्या खोलीत कधीच सूट नाही. रुग्णाचं रक्त त्याच रुग्णाला. आमच्या भागात एकाच यादीत दोन पाटील असणं रोजचं, कधी नावही एकच. म्हणून लेबल खाटेपाशीच लावायचं, नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचायचा, आणि ओटीत देताना समोरच्याने तो पुन्हा वाचायचा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका स्पामध्ये सौंदर्यासाठी चेहऱ्यावर पीआरपी टोचताना एकदा वापरायची साधनं पुन्हा वापरली गेली आणि किमान तीन ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या २०२४ च्या अहवालात आलं. सुरुवात २०१८ च्या एका प्रकरणापासून झाली होती. मी तो अहवाल छापून नव्या मुलींना वाचायला देते.

ऊसतोडीचे एक आबा होते. मधुमेह, तळपायाला खोल जखम, महिनोन्‌महिने न भरणारी. रक्त घेताना त्यांनी विचारलं, "माझंच रगात माझ्याच पायाला लावनार व्हय?" हो म्हटल्यावर समाधानाने हात पुढे केला. सर्जननी मेलेलं मांस साफ केलं, आम्ही जेल दिलं. पंधरवड्याने लाल, ताजं मांस दिसू लागलं. मग आबा घरी गेले आणि त्याच पायावर उभं राहून कामाला लागले. परत आले तेव्हा जखम पहिल्यासारखी. पायावरचा भार काढला नाही, साखर आटोक्यात आणली नाही, पायाकडे जाणारी रक्तवाहिनी बंद असेल तर ती उघडली नाही, तर प्लेटलेट काहीही करू शकत नाहीत. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत जुनाट जखमांवरचे १० अभ्यास, ४४२ रुग्ण तपासले गेले. मधुमेही पायाच्या जखमेला फायदा होऊ शकतो, पण पुरावा कमकुवत आहे, असा निष्कर्ष निघाला. आबांना दुसऱ्यांदा जेल लावताना मुलाला बोलावून घेतलं, पायाला भार न येणारी चप्पल करून दिली, आणि या वेळी जखम भरली. श्रेय जेलचं किती आणि चपलेचं किती, हे मी सांगू शकणार नाही. चपलेचं बरंच असावं.

पुरावा कमकुवत का राहतो, याचं एक उत्तर माझ्या मते आमच्याच खोलीत आहे. २०१७ मध्ये हाडा-सांध्यांच्या उपचारांतल्या पीआरपीवरचे १०५ अभ्यास तपासले गेले. पीआरपी कसं बनवलं हे दुसऱ्याला तसंच करता येईल इतकं नीट फक्त ११ अभ्यासांत लिहिलं होतं. शेवटी त्यात पेशी किती होत्या हे १७ अभ्यासांत. बाकीच्यांनी रुग्णांना काय दिलं ते कुणालाच कळणार नाही. माझ्यासारख्या कुणीतरी तिथेही पायपेट धरली असेल, झाकण उघडलं असेल. तिला विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं.

म्हणून आता आमच्या प्रत्येक सिरिंजबरोबर एक चिठ्ठी जाते. किती रक्त, कोणतं सायट्रेट, पहिला आणि दुसरा स्पिन किती जी आणि किती मिनिटं, किती मिली झालं, रक्तातल्या आणि पीआरपीतल्या प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, वेळ, सही. सुरुवातीला ओटीत ती चिठ्ठी वाचायला कुणाला सवड नसायची. फूटपट्टी घेऊन त्रिज्या मोजणारे ते सर आता युनिटचे प्रमुख झालेत. परवा त्यांचा फोन आला. झालं का, असं त्यांनी विचारलं नाही.

"काउंट किती आला, ताई?"

"अकरा लाख, सर. पांढऱ्या पेशी कमी आहेत. कॅल्शियम घातलेलं नाही, तुम्ही सांगाल तेव्हा घालते."